विमानांची वही : छंद, हेरगिरी आणि इतिहासाचं साधन

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे लष्करी विमानांचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर थोडं घरगुती आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१९६५ साल. मी पंधरा वर्षांचा होतो. आम्ही पुण्यात येरवड्याच्या बाजूला दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहायचो. लोहगावचा हवाई तळ तिथून लांब नाही, त्यामुळे दिवसभर डोक्यावरून विमानं जायची. माझ्याकडे एक शंभर पानी वही होती. तीत मी तारीख, वेळ, दिशा आणि विमानाचा प्रकार लिहून ठेवायचो. दोन इंजिनांचं कॅनबेरा आणि एका इंजिनाचं व्हॅम्पायर मला नुसत्या आवाजावरून ओळखू यायचं, याचा मोठा अभिमान होता. हे मी का लिहायचो? खरं सांगतो, मला तेव्हाही माहीत नव्हतं. वर्गातली मुलं पोस्टाची तिकिटं जमवायची, काड्यापेट्यांची चित्रं जमवायची, तसाच मी विमानं जमवत होतो.

मग सप्टेंबरात युद्ध सुरू झालं. खिडक्यांना काळे कागद लागले. एका संध्याकाळी ती वही वडिलांच्या हाती पडली. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या बंबात घातली. मी रडायला लागलो. त्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्या पोलिसांनी विचारलं, की हे कशासाठी लिहिलंस, तर काय सांगशील?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढे मी ज्ञानमीमांसा शिकवली, म्हणजे माणसाला एखादी गोष्ट कळते म्हणजे नेमकं काय होतं, याचा विचार. पण वडिलांचा तो प्रश्न मनात राहिलाच. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा लक्षात आलं, की हाच प्रश्न जगात इतरत्र अनेकांना विचारला गेला आहे, कधी कौतुकानं, कधी कोर्टात. त्या प्रश्नाचा इतिहास आज सांगायचा आहे.

आधी हा छंद काय आहे ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये, हॉलंडमध्ये आणि युरोपात इतरत्रही हजारो माणसं विमानतळांच्या कुंपणाबाहेर उभी राहतात. हातात दुर्बीण, कॅमेरा, वही आणि खिशात रेडिओ स्कॅनर. प्रत्येक विमानावर त्याचा स्वतःचा क्रमांक रंगवलेला असतो, आपल्या मोटारींवर असतो तसा. अमेरिकेतल्या नागरी विमानांचा 'एन'नं सुरू होतो, आपला 'व्हीटी'नं. लष्करी विमानांचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे. तो क्रमांक वाचायचा, लिहायचा, आणि आधीच्या नोंदींशी ताडून पाहायचा. स्कॅनरवर वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचं बोलणं ऐकू येतं. नागरी विमानांचं संभाषण साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, लष्करी विमानांचं बहुतेक २२५ ते ४०० मध्ये. वेल्समध्ये डोंगरांच्या मधून एक दरी जाते, 'मॅक लूप' म्हणतात तिला. तिथे लढाऊ विमानं इतक्या खालून उडतात, की डोंगरावर बसलेल्या माणसाला विमानाची पाठ दिसते, वैमानिकाचं हेल्मेट दिसतं. तेवढ्यासाठी लोक थंडीत, पावसात तासन्‌तास बसून असतात. पैसा मिळत नाही, बक्षीस मिळत नाही. वही भरते, एवढंच.

आता इतिहासाकडे येऊ.

पहिल्या महायुद्धात लंडनवर जर्मन बाँब पडले आणि आकाशावर नजर ठेवायला माणसं हवीत, हे ब्रिटिश सरकारच्या ध्यानात आलं. १९२५ साली 'ऑब्झर्व्हर कोअर' स्थापन झाली. त्यातले बहुतेक स्वयंसेवक. दुकानदार, शेतकरी, कारकून अशी साधी माणसं. १९४० साली रडार आलं होतं, पण किनाऱ्यावरची ती रडारं समुद्राकडे तोंड करून बसवलेली होती. शत्रूचं विमान किनारा ओलांडून आत आलं, की रडारला ते दिसेनासं व्हायचं. तिथून पुढे त्याचा माग ठेवायचा तो उघड्या डोळ्यांनी आणि कानांनी. टेकडीवर वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला दोन माणसं, एक साधं कोन मोजायचं यंत्र आणि एक टेलिफोन. "अमुक दिशेला, अमुक उंचीवर, इतकी विमानं" एवढी बातमी ती पुढे द्यायची आणि केंद्रातल्या मोठ्या टेबलावरच्या नकाशावर सोंगट्या सरकायच्या. अशा सुमारे हजार चौक्या आणि तीस हजार माणसं होती. ब्रिटनच्या हवाई लढाईतल्या या कामाबद्दल एप्रिल १९४१ मध्ये राजानं या दलाला 'रॉयल' ही उपाधी दिली.

गंमत अशी, की विमानाचा प्रकार अचूक ओळखणं हा सुरुवातीला या दलाच्या शिक्षणाचा भाग नव्हताच. संख्या, दिशा, उंची सांगा, पुरे, अशी सरकारी समजूत. गिल्डफर्ड गावातल्या काही निरीक्षकांना हे पटेना. त्यांनी आपापल्या हौसेनं एक मंडळ काढलं. विमानांची चित्रं जमवायची, सावलीसारख्या काळ्या आकृत्या पाहून ओळखायचा सराव करायचा. म्हणजे छंद आधी आला आणि सरकारी अभ्यासक्रम त्याच्या मागून आला! पुढे जानेवारी १९४१ मध्ये 'द एअरोप्लेन स्पॉटर' नावाचं नियतकालिक निघालं. कारखान्यांच्या छपरांवर टेहळे बसू लागले. कारण प्रत्येक भोंग्याला कामगार तळघरात पळाले, तर उत्पादन बुडायचं. छपरावरच्या माणसानं "आता खरंच आलं" म्हटलं, की मगच काम थांबायचं. शाळकरी पोरं घोड्यावरच्या राऊतासारख्या ऐटीत विमानांची नावं सांगू लागली. १९४४ साली नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळी आपल्याच जहाजांनी आपलीच विमानं पाडू नयेत, म्हणून या निरीक्षकांपैकी जवळपास आठशे जण जहाजांवर चढले. काही कोवळी पोरं, काही साठी ओलांडलेले गृहस्थ. दोघं परत आले नाहीत.

ही झाली डोळ्यांची गोष्ट. कानांची गोष्ट याहून विलक्षण आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर होताच ब्रिटिश पोस्ट खात्यानं हौशी रेडिओवाल्यांचे, ज्यांना आपण हॅम म्हणतो त्यांचे, ट्रान्समीटर जप्त केले. ऐकायचे संच मात्र राहू दिले. सरकारला भीती होती, की देशात लपलेले जर्मन हेर रेडिओवरून बातम्या पाठवत असतील. ते पकडायला 'रेडिओ सिक्युरिटी सर्व्हिस' नावाची शाखा होती, पण माणसं अपुरी. तेव्हा ज्यांचे ट्रान्समीटर काढून घेतले, त्याच हौशी लोकांना गुपचूप विचारण्यात आलं : तुम्ही आमच्यासाठी ऐकाल का?

असे सुमारे पंधराशे लोक तयार झाले. दिवसभर नोकरी करायची, रात्री घरातल्या माडीवर किंवा बागेतल्या खोपटात कानाला हेडफोन लावून बसायचं. खरखराटातून पुसट मोर्स ऐकू यायचा. अर्थहीन अक्षरं. ती जशीच्या तशी, वेळ आणि वारंवारिता घालून कागदावर उतरवायची आणि लखोट्यात घालून 'पोस्ट बॉक्स २५, बार्नेट' या पत्त्यावर टाकायची. त्या कागदांचं पुढे काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. बायकोला सांगायचीही बंदी. शेजारीपाजारी विचारायचे, हा धडधाकट माणूस लढायला का जात नाही? म्हणून त्यांतल्या काहींना आडोसा म्हणून कसला गणवेश दिला माहीत आहे? त्याच रॉयल ऑब्झर्व्हर कोअरचा!

ब्रिटनमधले हेर तर फारसे सापडले नाहीत. पण युरोपातून येणारे, कुठल्याच यादीत न बसणारे संदेश सापडले. या शाखेत तेव्हा ऑक्सफर्डचे दोघं काम करत होते. एक गिल नावाचे मर्टन कॉलेजचे कोषाध्यक्ष आणि दुसरा पंचविशीतला इतिहासाचा अभ्यासक, ह्यू ट्रेव्हर-रोपर. त्यांना हे काम नेमून दिलेलं नव्हतं. तरी १९४० च्या सुरुवातीला त्यांनी घरी बसून त्यातली एक सांकेतिक लिपी फोडली. ते संदेश जर्मन लष्करी गुप्तहेर खात्याचे, म्हणजे 'आब्वेर'चे निघाले. अधिकृत लिपीतज्ज्ञ आधी रागावले, मग कामाला लागले. १९४१ च्या डिसेंबरात आब्वेरची एनिग्मा लिपीही ब्लेचली पार्कमध्ये फुटली. जर्मनांनी ब्रिटनमध्ये पाठवलेले जवळजवळ सगळे हेर पकडले गेले, काहींना उलटवून त्यांच्याकडूनच खोट्या बातम्या पाठवल्या गेल्या. त्या खोट्या बातम्यांवर बर्लिनचा विश्वास बसतोय की नाही, हे कळायचं कशावरून? याच संदेशांवरून. त्यांतले कितीतरी आधी या माडीवरच्या लोकांनी कागदावर उतरवलेले. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. १९७९ साली बीबीसीच्या एका माहितीपटानंतर हे उघडपणे बोललं जाऊ लागलं.

म्हणजे युद्धात सरकारनं या वहीवाल्यांना "कशासाठी लिहिता?" असं विचारलं नाही. कारण उत्तर सरकारनंच देऊन ठेवलं होतं : देशासाठी. छंद तोच होता, हेतू वरून चिकटवलेला होता. तो काढून घेतला, की काय होतं?

त्यासाठी ग्रीसला जाऊ. नोव्हेंबर २००१. न्यूयॉर्कचे मनोरे पडून दोन महिने झालेले. दक्षिण ग्रीसमधल्या कालामाता इथल्या हवाई दलाच्या तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच नागरिकांना अटक झाली. कालामाता म्हणजे वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा तळ. हे लोक तिथे हवाई दलाचा खुला दिवस पाहायला आले होते. त्यांच्या वह्यांमध्ये ग्रीक विमानांचे क्रमांक होते. त्यांना पाच-सहा आठवडे तुरुंगात ठेवलं, मग मोठा जामीन भरून घरी जाऊ दिलं. एप्रिल २००२ मध्ये खटला चालला. बचावाचं म्हणणं सोपं होतं : हा छंद आहे. पण न्यायालयाला पटेना. आकडे लिहून घेण्यासाठी कोण एवढा खर्च करून देशोदेशी फिरेल? आठ जणांना हेरगिरीबद्दल तीन वर्षांची आणि सहा जणांना मदत केल्याबद्दल एक वर्षाची स्थगित शिक्षा झाली. अपील होईपर्यंत सगळे मोकळे राहिले आणि नोव्हेंबर २००२ मध्ये वरच्या न्यायालयानं चौदाही जणांना निर्दोष सोडलं.

आपण हसू नये. आपल्याकडेही असंच झालं. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्लीच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन ब्रिटिश विमानवेडे उतरले. धावपट्टी दिसेल अशी खोली त्यांनी मागून घेतली, दुर्बीण लावली, स्कॅनर लावला. हॉटेलातल्यांना संशय आला, पोलीस आले, तार कायद्याखाली अटक झाली. दोन महिने ते भारतात अडकले, मग दंड भरून सुटले. मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. त्यामुळे पोलिसांना दोष देणं मला जमत नाही. शिवाय आपल्याकडे रेडिओबद्दल सरकारचा संशय जुनाच. इथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल, घरी नुसता गाणी ऐकायचा रेडिओ असला तरी पोस्टात जाऊन लायसन घ्यावं लागे. ऐकणं हीसुद्धा परवानगीची गोष्ट होती.

मग हे वहीवाले कुणाच्या उपयोगी पडले की नाही? पडले, आणि ते अशा ठिकाणी, जिथे कुणी कल्पना केली नव्हती.

२००१ नंतर अमेरिकेच्या सीआयएनं संशयितांना जगभरातून उचलून, कोर्ट-कचेरीविना, गुप्त तुरुंगांत नेण्याचा उद्योग चालवला. त्यासाठी साधी दिसणारी खाजगी विमानं वापरली. मालकी कागदावरच्या कंपन्यांची. पण विमान कितीही गुप्त असलं, तरी त्याला कुठेतरी उतरावं लागतं, तेल भरावं लागतं, आणि त्याच्या शेपटीवर क्रमांक असावा लागतो. ऑक्टोबर २००१ मध्ये कराचीच्या विमानतळावरून एका माणसाला रात्रीतून नेलं, त्या विमानाचा क्रमांक पाकिस्तानातल्या एका बातमीदारानं छापला : एन३७९पी. तिकडे स्पेनच्या माजोर्का बेटावरच्या पाल्मा विमानतळाच्या कुंपणापाशी एका छंदिष्टानं २३ जानेवारी २००४ रोजी नेहमीसारखे फोटो काढले. त्यात एक पांढरं बोइंग ७३७ होतं, एन३१३पी. दुसऱ्या अनेक विमानांसारखंच एक. त्यानं फोटो आपल्या संग्रहात ठेवून दिला.

त्याच रात्री ते विमान मॅसिडोनियातल्या स्कोपये इथे उतरलं आणि खालेद अल-मस्री नावाच्या जर्मन नागरिकाला अफगाणिस्तानात घेऊन गेलं. नामसाधर्म्यातून झालेली चूक होती ती. काही महिन्यांनी त्याला आल्बानियातल्या एका निर्जन रस्त्यावर सोडून दिलं. त्यानं आपली कहाणी सांगितली तेव्हा सहजासहजी कोण विश्वास ठेवणार? डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाकडे पुरावा काय असणार? पुरावा आला तो उड्डाणांच्या नोंदींतून आणि असल्या कुंपणाबाहेरच्या फोटोंतून. पत्रकारांनी क्रमांक जुळवले, तारखा जुळवल्या. युरोपच्या कौन्सिलसाठी डिक मार्टी यांनी २००६ साली अहवाल दिला. आणि १३ डिसेंबर २०१२ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं मॅसिडोनियाला दोषी धरून साठ हजार युरो भरपाई द्यायला लावली.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, मी कुठे येतोय. कालामाताच्या न्यायालयाला जी गोष्ट संशयास्पद वाटली, म्हणजे हेतू नसताना लिहिणं, तीच गोष्ट पाल्माच्या फोटोला विश्वासार्ह बनवते. त्या छंदिष्टाला सीआयएविरुद्ध काही सिद्ध करायचं नव्हतं. त्याला ठाऊकच नव्हतं. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी हा विचार नीट मांडला आहे. जो कागद पुढच्या पिढीला काही पटवून देण्यासाठी लिहिला जातो, त्यापेक्षा नकळत मागे राहिलेला कागद इतिहासकाराला जास्त मोलाचा. ब्लॉक हे लिहीत होते ते जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये. पुढे प्रतिकार चळवळीत गेले आणि जून १९४४ मध्ये गेस्टापोनं त्यांना गोळ्या घातल्या.

उलट बाजूचं उदाहरण हवं? ते ट्रेव्हर-रोपर पुढे नामवंत इतिहासकार झाले. हिटलरच्या अखेरच्या दिवसांवरचं त्यांचं पुस्तक १९४७ साली आलं. आणि १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून ज्या डायऱ्या बाजारात आल्या, त्या खऱ्या आहेत असं त्यांनी सांगून टाकलं! थोड्याच दिवसांत त्या बनावट ठरल्या. तरुणपणी अनोळखी हौशा-नवशांच्या निरर्थक अक्षरांतून ज्यानं सत्य काढलं, तोच माणूस उतारवयात विक्रीसाठी सजवलेल्या कागदांना फसला. मी त्यांना हिणवत नाही. कागद कुणी आणि कशासाठी तयार केला, हा प्रश्न किती अवघड आहे, एवढंच सांगतोय.

पण दुसरी बाजू लपवली, तर मी प्रामाणिक राहणार नाही. एकेक क्रमांक गुपित नसतो, तो तर सगळ्यांना दिसतो. पण हजार क्रमांक एकत्र केले, की कुठलं पथक कुठे आहे ते कळतं. म्हणजे गुपित सुट्या नोंदीत नसून बेरजेत असतं. आज ती बेरीज यंत्रं करतात. विमान स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची, वेग प्रसारित करत असतं, आणि टीव्हीच्या स्वस्त डोंगलवर ते कुणालाही पकडता येतं. लष्करी विमानं वेळ पडली की ते बंद ठेवतात, हा भाग वेगळा. आणि सव्वीस-अकराच्या वेळी वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाचा फायदा हल्लेखोरांच्या सूत्रधारांना कसा झाला, हे आपण सोसलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात त्याबद्दल कडक शब्द वापरले.

म्हणून मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. नोंदवणं ही एक कृती आणि त्याच क्षणी जाहीर करणं ही दुसरी. दुसरीवर युद्धकाळात बंधन घालायचा सरकारला अधिकार आहे, ते मी मानतो. पहिलीवर घालायला निघालात, की मग नागरिकाचं पाहणंच गुन्हा होतं. आणि पाहणारी माणसं संपली, तर उद्या एखाद्या अल-मस्रीच्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी उरणार नाही.

माझ्या वडिलांचं चुकलं का? मी खूप विचार केला. १९६५ च्या त्या आठवड्यात दोन खोल्यांत राहणाऱ्या, पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसानं दुसरं काय करायला हवं होतं? वही उचलून कपाटाच्या तळाशी ठेवता आली असती, एवढंच. त्यांना तेवढा धीर झाला नाही, आणि मला त्याचा राग उरलेला नाही. पण त्यांच्या प्रश्नाला आज मी उत्तर देऊ शकेन असं वाटतं. कशासाठी लिहिलंस? दिसलं म्हणून लिहिलं. खरं होतं म्हणून लिहिलं. कुणाच्या उपयोगी पडेल ते मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नाही म्हणूनच त्या नोंदीवर तुम्ही विश्वास ठेवू शकता.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशा वह्या असतील. पावसाच्या, भावांच्या, एसटीच्या वेळांच्या, पक्ष्यांच्या. रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.